पूल दारी उतरणार होता

गेल्या महिन्यात नारायणगुड्याच्या मोठ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी नवा पूल बसवला. त्याला दोन्हीकडे लिफ्ट आहे म्हणे, वर छप्पर आहे, संध्याकाळी निळे दिवे लागतात. माझ्या भाचीनं फोनवर फोटो पाठवले आणि विचारलं, "मावशी, बघायला जाऊ या का? नल्लकुंट्याहून दहा मिनिटांत पोचू." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खोटं नाही, पण न जाण्याचं कारण ते नव्हतं. त्या रस्त्यावरचा पहिला पूल मी आणला होता. आणला म्हणजे लोखंड काही मी वाहिलं नाही, पण त्याचा अर्ज माझ्या अक्षरात होता, आणि त्या काळी नारायणगुड्यातली निम्मी माणसं मला 'पूलवाली पोरगी' म्हणून ओळखायची. मला ते फार आवडायचं. मेट्रो आली तेव्हा तो पूल कापून नेला. तेव्हाही मी बघायला गेले नाही.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडे आणि मावशीचं पलीकडे, अगदी समोरासमोर. आई आणि मावशी नांदेडजवळच्या शेतकरी घरातल्या. दोघींनाही हैदराबादेत दिलं. स्थळं बघणाऱ्यांनी ठरवून समोरासमोर दिलं असं नाही, पण मावशीचे यजमान लवकर गेले आणि अण्णांनी खटपट करून तिला व तिच्या मुलाला, मधुदादाला, समोरच्या औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, नामपल्लीच्या कोर्टात कारकून. घरात कमी बोलायचे, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर ते इतरांचं बोलणंच लिहून घ्यायचे. आईचा डावा पाय लहानपणीच्या तापात बारीक झालेला. सपाट जमिनीवर ती लंगडत का होईना, माझ्याहून भरभर चालायची. दोन पायऱ्या आल्या की मात्र भिंतीचा आधार शोधायची. मावशीचं दुखणं छातीचं. जिना चढायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. म्हणजे एका बहिणीला पायानं पायऱ्या बंद आणि दुसरीला काळजानं. दोघींच्या मध्ये रस्ता सपाट होता हेच काय ते नशीब, आणि तो ओलांडायला डिव्हायडरमध्ये बरोबर आमच्या समोर हातभर रुंदीची मोकळी जागा होती. तिला आमच्या घरात 'खिंड' म्हणत.

त्या खिंडीतून दिवसाकाठी चार वेळा तरी वाट्या जायच्या-यायच्या. आईची अंबाडीची भाजी तिकडे, मावशीचे धपाटे इकडे. येसराची आमटी दोन्हीकडे व्हायची, पण स्वतःच्या घरची कुणालाच आवडायची नाही. मावशी इतकी वर्षं हैदराबादेत काढूनही चिंचेला नावं ठेवायची, आणि आईची खट्टी डाळ आली की, "काय गं, निस्ती चिंच खायलाव का काय तुम्ही," असं म्हणत दोनदा वाढून घ्यायची. आई पदर खोचून, एका हातात झाकलेली वाटी धरून निघायची आणि दुसऱ्या हाताचा पंजा बसच्या तोंडासमोर असा धरायची की बस थांबलीच पाहिजे. एखादा ऑटोवाला ओरडायचा, "अम्मा, मरने का है क्या?" की आई तिथंच उभी राहून विचारायची, "हौ, तेरेकू पूछके मरूं क्या?" समोरच्या इराणी हॉटेलातली माणसं बशीतला चहा तसाच धरून हसायची. बसचे हॉर्न, शाळेच्या घंटा, कपबशांचा खणखणाट, आणि त्या सगळ्याच्या वर मावशीची हाक, "यायलीस का गं?" माझ्या लहानपणाचा आवाज म्हटला की मला हाच ऐकू येतो. ती दोघींची भेट नव्हतीच. भेटायला जावं लागतं. या दोघी एकाच घरात राहत होत्या, मधून बस जायची एवढंच.

मी इंटरला, म्हणजे ज्युनिअर कॉलेजात, असताना माझ्या जुन्या शाळेतल्या एका मुलीचा पाय रस्ता ओलांडताना बसच्या मागच्या चाकाखाली आला. पाय वाचला, पण वाकडा बसला. आई तिला बघायला दवाखान्यात गेली आणि घरी येऊन जेवली नाही. "माझं तर तापानं झालं," ती म्हणाली, "त्या लेकराचं रस्त्यानं झालं. इथं पूल पाह्यजे." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पूल हवा, असं आमच्या गल्लीत सगळ्यात आधी माझी आई म्हणाली. तिच्या डोक्यातला पूल म्हणजे नांदेडचा गोदावरीवरचा पूल. हळूहळू चढायचं, मध्ये वारा खायचा, हळूहळू उतरायचं. पायऱ्या तिच्या डोक्यातही नव्हत्या.

औषधाच्या दुकानाचे नरसिंगराव या कामात पुढे झाले. गोरे, घाऱ्या डोळ्यांचे, सगळ्या गल्लीला फुकट सल्ला देणारे. अर्ज इंग्रजीत हवा, आणि इंग्रजी चांगलं कुणाचं, तर माझं. मी तीन दिवस त्या अर्जाला बसले होते. अण्णांच्या कोर्टातल्या कागदांतले जडजड शब्द उचलून मी त्यात पेरले. शेवटी नरसिंगराव म्हणाले, "बेटा, एक बात और डालो. डिव्हायडर का मुंह बंद करो बोलके पब्लिक खुद बोल रही, ऐसा लिखो. साब लोगां कू अच्छा लगता. फिर फाइल रुकती नै." मी लिहिलं. मराठीत सांगायचं तर, 'सदर ठिकाणी दुभाजकातील उघडी जागा कायमची बंद करण्यात यावी, अशी आम्हा रहिवाशांची नम्र विनंती आहे.' फार झोकदार वाक्य झालं होतं. लिहिताना मला ती दुभाजकातील उघडी जागा वाटली. खिंड वाटली नाही. एकाच जागेची ही दोन नावं माझ्या डोक्यात एकमेकांना भेटलीच नाहीत, आणि आजही मला याचं नवल वाटतं की इतकी हुशार म्हणवणारी मुलगी इतकी मठ्ठ असू शकते. पहिली सही आईची. तिनं ती मराठीत, वळणदार अक्षरांत केली. दुसरी मावशीची. सही करून मावशी म्हणाली, "वाचून दाखव की काय लिहिलंस ते." मी सगळा अर्ज इंग्रजीत खडाखडा वाचून दाखवला. तिला एक अक्षर कळलं नाही, पण तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढे एका सकाळी मोजमाप घ्यायला माणसं आली. टेप, चुन्याची पिशवी, आणि एक सुपरवायझर, डोक्याला रुमाल बांधलेला. ऊन मी म्हणत होतं. आईनं त्यांना ताक नेऊन दिलं. मी पेला परत घ्यायला तिच्या मागे उभी होते. आईनं विचारलं, "साब, पुल किधर उतरता?" त्यानं ताक पीत पीत हात कुठंतरी लांब केला आणि मग आपल्या माणसाकडे वळून, खिंडीकडे बोट दाखवून, तेलुगूत म्हणाला, "दारि इक्कडा मूसेस्ताम." आई एकदम खुलली. माझा दंड धरून म्हणाली, "ऐकलंस? दारी म्हणाला तो! इकडं, दारी! पूल आपल्या दारी उतरायलाय!" आईला उर्दू यायचं, तेलुगू भाजीवालीपुरतंच. मला शाळेत तेलुगू होतं. आमच्या टीचर वर्गात शिरल्या की पहिलं वाक्य म्हणायच्या, 'तलुपु मूसेय', दार लाव. 'मूसेस्ताम' म्हणजे काय, हे मला सांगायला कुणी नको होतं. तेलुगूत दारि म्हणजे वाट, रस्ता. तो म्हणाला होता, इथली वाट आम्ही बंद करणार. आणि त्या क्षणी माझं ते झोकदार वाक्य मला आठवलं, आणि उघडी जागा आणि खिंड एकदाच्या एक झाल्या.

मी बोलले नाही. का बोलले नाही, याची मी आयुष्यभर निरनिराळी उत्तरं दिली आहेत, स्वतःलाच. आईचा चेहरा इतका खुलला होता की माझ्या जिवावर आलं, हे एक. अजून वेळ आहे, नरसिंगरावांना सांगून बघू, हे दुसरं. ही दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही सबबी आहेत. खरं उत्तर असं की मला तो पूल हवा होता. हॉटेलवाले मला बघून "बेटी ने काम कर दिया" म्हणायचे, कॉलेजात प्राध्यापकांनी वर्गासमोर माझं नाव घेतलं होतं, आणि अर्जातलं एक वाक्य मागे घ्या म्हणून मीच गेले असते तर माझी फजिती झाली असती. आईनं मला म्हटलं, "जा, अक्काला सांगून ये." अक्का म्हणजे मावशी. मी खिंडीतून पलीकडे गेले आणि मावशीला सांगितलं, "आई म्हणते, पूल दारी उतरणार." आई म्हणते, असं म्हणाले. तेवढी हुशारी होती माझ्यात.

रविवारी सकाळी दोन क्रेन आल्या. रस्ता बंद केला होता, आणि तो इतका शांत झाला की चिमण्या ऐकू आल्या. सगळी गल्ली गच्चीवर आणि पायऱ्यांवर. अण्णासुद्धा पेपर घेऊन बाहेर बसले, वाचत मात्र नव्हते. आई आमच्या दारात, मावशी तिच्या दारात, दोघीही चांगली लुगडी नेसून. साखळदंडांनी धरलेला तो पिवळा लोखंडी सांगाडा जमिनीवरून सुटला, हळूहळू वर गेला, हवेत एकदा हलला, तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला आणि मावशीनं हात जोडले. मग तो खांबांवर टेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नरसिंगरावांनी नारळ फोडला, मला पुढे ढकललं. मी पहिली पायरी चढले तो क्षण, लाज वाटते सांगायला, माझ्या तोवरच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. पूल आमच्या दारापासून शंभरेक पावलं पुढे होता. दोन्हीकडे बेचाळीस बेचाळीस पायऱ्या. आई तिथवर चालत गेली, मान वर करून पायऱ्या बघितल्या आणि म्हणाली, "बरं झालं, पोरींना चांगलंय. आपली खिंड हायेच की."

खिंड दोन दिवसांनी बंद झाली. वेल्डिंगवाला गज जोडायला बसला तेव्हा आई खट्ट्या डाळीची वाटी घेऊन निघाली होती. तिला वाटलं, काही दुरुस्ती असेल. तिनं वाटी खाली ठेवून विचारलं, "भैया, ये कैकू बंद करतैं? वो साब तो दारी बोले थे." रुमालवाला सुपरवायझर जवळच होता. तो पुढे आला. वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, "अम्मा, दारि बोले तो रास्ता. इधर का रास्ता बंद करते बोला मैं. तुम्हारे लोगां हीच लिखे थे, बंद करो बोलके." चारदोन माणसं हसली. आईसुद्धा हसली, मोठ्यानं, कपाळावर हात मारून, "मला मेलीला काय ठाऊक!" मग हसता हसता तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि हळू विचारलं, "तुला येतंय की गं तेलुगू?"

"मला ऐकू आलं नव्हतं," मी म्हणाले.

तिनं वाटी उचलली. पलीकडे मावशी उभी होती, गजांच्या आणि बसच्या पलीकडे, आणि हातानं विचारत होती, काय झालं? आईनं वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू नेऊन दे पुलावरून. गार व्हायलंय."

त्या दिवसापासून वाट्या मी नेल्या. बेचाळीस वर, बेचाळीस खाली. कॉलेजच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. अण्णांनी सरकारला दुसरा अर्ज लिहिला, त्याचं उत्तर आलं नाही. आईनं एकदा पूल चढायचा प्रयत्न केला, विसाव्या पायरीवर बसली आणि बसत बसतच खाली आली. दर बुधवारी ती रिक्षा करून चौकातून वळसा घालून मावशीकडे जायची, पण त्यासाठी लुगडं बदलायचं, कुलूप लावायचं, रिक्षा हेरायची, आणि गेल्यावर पाहुण्यासारखं खुर्चीत बसायचं. दोघींना ते जमेना. मावशी म्हणायची, "बुधवारी आलीस की मला काय बोलावं तेच सुचत नाही." म्हणून रोजच्या बोलण्यासाठी त्यांनी खुणा बसवल्या. गाड्यांच्या आवाजात हाक पोचत नव्हती, लोखंडी गजांतून हात दिसत होते. डोक्यावर हात म्हणजे डोकं दुखतंय. दोन बोटं म्हणजे मधुदादा दुसऱ्या पाळीला गेलाय. छातीवर हात म्हणजे, पाठवलेलं आवडलं, जीव गार झाला. मी लग्न होऊन नल्लकुंट्यात आले, बँकेत अधिकारी झाले, निवृत्त झाले, पण रस्त्यापलीकडून कुणी ओळखीच्यानं छातीवर हात ठेवून नमस्कार केला की मी अजून धावत पलीकडे जाते.

तो दिवस साधा होता. सकाळी मी मावशीला धपाटे पोचवून कॉलेजला गेले. आईनं पहिल्यांदाच स्वतः, मावशीच्या पद्धतीनं केलेले. दुपारी मावशी बाहेर येऊन तिच्या दाराच्या पायरीवर बसली. आई इकडे दारात तांदूळ निवडत होती. मावशीनं छातीवर हात ठेवला. आई हसली. तिनं हात हलवून सांगितलं, आणखी आहेत, पाठवते. मावशीनं हात तसाच ठेवला. आईनं पुन्हा हात हलवला. मग मावशी कुशीवर कलंडली, आणि आईला कळलं.

हे सगळं आईनं मला नंतर सांगितलं, एकदाच. ती सूप टाकून गजांपाशी धावली, ते धरून हलवले, ओरडली. बस थांबल्या नाहीत. मग ती पुलाकडे वळली. माझी बस पुलाच्या पायथ्याशी, मावशीच्या बाजूला थांबायची. उतरल्यावर मला लांब गर्दी दिसली. कुणाचं तरी भांडण असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही आणि पायऱ्या चढू लागले. वर आले तर पुलाच्या मधोमध आई बसली होती. केस सुटलेले, हातांचे तळवे खरचटलेले. बेचाळीस पायऱ्या ती चढली होती, हातांनी. कठड्याच्या फटीतून ती खाली बघत होती. तिथून मावशीची पायरी सरळ दिसत होती. नरसिंगराव मावशीच्या मानेला बोटं लावून वाकले होते. ते उठले, आमच्या दाराकडे बघितलं, तिथं आई दिसली नाही म्हणून इकडेतिकडे शोधलं, आणि मग त्यांना ती वर दिसली. त्यांनी पंजा उघडून उलटा केला. आईनं मान हलवली, समजलं, अशी. ऑटोत मावशीला घालून ते दवाखान्याकडे निघाले, ते नुसतं रीत म्हणून.

मी आईला धरलं. रडायलासुद्धा मला सुधरेना. "चल," मी म्हणाले, "घरी नेते."

"घरी नको. तिकडं ने. तिनं स्टोव्ह पेटताच ठेवला असंल."

आम्ही मावशीच्या बाजूला उतरलो. आई पायरीवर बसायची, दोन्ही हात टेकायची, खालच्या पायरीवर सरकायची. मी तिचा बारीक पाय उचलून खाली ठेवायची. माणसं बाजूनं भराभर जात होती. किती वेळ लागला कोण जाणे. मावशीच्या स्वयंपाकघरात खरोखरच स्टोव्ह पेटता होता आणि वरणाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. आईनं स्टोव्ह बंद केला, खिडकी उघडली, पातेलं घेऊन मोरीत बसली आणि राखेनं घासायला लागली. मधुदादाला निरोप गेला होता. मावशीला आणायला अजून वेळ होता.

मी दाराशी उभी राहून म्हणाले, "आई, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं. मला कळलं होतं सगळं. अर्जातलं ते वाक्य पण माझंच होतं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "माझ्या मागंच उभी होतीस की तू."

तिनं पातेल्यात पाणी ओतलं आणि काळं पाणी मोरीत सोडलं.

"अक्काला मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तिला वाटायचं, मीच वेडी, मलाच तेलुगू कळत नाही. पोरीनं एवढा पूल आणला म्हणून सांगायची ती आल्यागेल्याला. तुझं कौतुक करतच गेली."

पातेल्याचं बूड काही निघत नव्हतं. आईनं आणखी एक मूठ राख घेतली.